तीनशे रुपयांची पळवाट

कर्ज बुडवून नादारी जाहीर करणाऱ्या माणसाला कायदा घरातलं काही राखू देतो, याचा राग असलेली माणसं हल्ली जागोजागी भेटतात. ती निर्दय नाहीत. बहुतेक जण हप्ता एक दिवसही न चुकवणारे, कुणाच्या पैचं देणं न ठेवणारे. म्हणून त्यांचं म्हणणं उडवून न लावता पुरतं ऐकलं पाहिजे.

ते म्हणतात, धनको म्हणजे दर वेळी पोट सुटलेला सावकार नसतो. पतसंस्थेत निवृत्तीची पुंजी ठेवणारी शिक्षिका धनकोच, उधारीवर माल देणारा वाणीही धनकोच. ऋणकोच्या घरी राहिलेलं प्रत्येक पातेलं यांच्या खिशातून गेलेलं असतं. शिवाय ही सवलत लबाडाची पळवाट आहे: पैसा सोन्यात घालायचा आणि सोन्याला मंगळसूत्र म्हणायचं. बुडिताचा बोजा शेवटी व्याजातून प्रामाणिक कर्जदारावरच येतो. आणि सर्वस्व जाण्याची धास्ती असेल तरच माणूस अंथरूण पाहून पाय पसरतो.

मुद्दे वजनदार आहेत. टिकणारा एकही नाही.

आधी यादी पाहू, कारण रागावणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती वाचलेली असते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम ६०. गरजेपुरते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला दूर करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यासाठी न्यायालयाला आवश्यक वाटतील तेवढी गुरं नि बियाणं, आणि शेतकरी, मजूर किंवा घरगडी यांचं स्वतःचं राहतं घर. यावर जप्ती आणता येत नाही. मुंबई शहराबाहेर लागू असलेला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा हीच यादी उचलतो: जे जप्त होऊ शकत नाही, ते नादाराच्या वाटपाच्या मिळकतीत येत नाही. चैनीची वस्तू या यादीत कुणी शोधून दाखवावी.

आता पातेलं. कर्ज मंजूर करताना ते कुणी मोजलं होतं? पगाराची स्लिप पाहिली, आयकराचं विवरण पाहिलं, जामीनदाराची सही घेतली. फडताळ उघडून डबे मोजणारा कर्ज-अधिकारी माझ्या तरी पाहण्यात नाही. ज्या वस्तूच्या भरवशावर पैसा दिलाच नव्हता, ती वसुलीच्या दिवशी आपली कशी होते? बरं, झाली असं धरू. वापरलेली कढई लिलावात मोडीच्या भावानं जाणार, त्यातून बेलीफ, हमाली नि दवंडीचा खर्च वजा होणार. ज्याच्या चुलीवरून ती उचलली त्याला मात्र दुसरी कढई नव्याच्या भावानं घ्यावी लागणार. भांडी चव्हाट्यावर मांडण्यात वसुली नावाला, अपमान खरा. त्या शिक्षिकेची पुंजी कुणाच्या अपमानातून भरून निघत नाही.

ती भरून निघते कमाईतून. त्यासाठीची तरतूद त्याच कलमात आहे, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. हुकूमनाम्याच्या वसुलीत पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित, बाकीवर जप्ती. पगार ४०,००० असेल तर २७,००० घरी जातात, १३,००० जप्तीत. एकाच हुकूमनाम्यासाठी ही जप्ती २४ महिने चालू शकते. हिशेब करा: ३,१२,००० रुपये. हा आकडा आणि भांड्यांचा लिलाव शेजारी शेजारी ठेवा. पण हे तेरा हजार येतात केव्हा? माणूस जेवून, धड कपडे घालून कामावर गेला तर. शिंप्याचं शिलाई मशीन विकलं, तर पैसे एकदाच येतात आणि त्या दिवसापासून शिंपी उरत नाही.

पळवाटीचा आरोप अधिक गंभीर आहे, म्हणून त्याला अधिक जागा. विरोधक इथे २०१६ ची दिवाळखोरी संहिता पुढे करतात: तिनं तर राहतं घर आणि दागिनेही वगळले! वगळले, खरं आहे. पण कलम ७९ चं पोटकलम १४ सावकाश वाचा. वगळलेल्या मत्तेचे पाच प्रकार आहेत आणि पाचही ठिकाणी एकच विशेषण आहे: बोजारहित. गहाण टाकलेलं घर, तारण ठेवलेलं सोनं, कर्जावर घेतलेली गाडी यांना या पाचांत जागा नाही. ज्या धनकोनं तारण घेतलं, त्याच्या तारणाला या यादीनं हात लावलेला नाही. मग पळाला कोण?

सोनं म्हणाल, तर याच संहितेखालच्या २०१९ च्या नियमांनी दागिन्यांची मर्यादा १ लाख रुपये ठेवली आहे. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भावच लाखापुढे गेला. दडवून दडवून एक तोळा! आणि बायकोचं स्त्रीधन हे नवऱ्याच्या मालकीचं नसतंच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. जे नवऱ्याचं नाही, त्यावर त्याच्या धनकोचा हक्क कुठून येणार? नादारीआधी मिळकत मेहुण्याच्या नावावर फुकट करून देणाऱ्यासाठी १९२० च्या कायद्यात कलम ५३ आहे: दोन वर्षांच्या आतलं असं हस्तांतर रद्द होऊ शकतं. लबाडीनं मालमत्ता किंवा वह्या लपवल्या तर कलम ६९ खाली वर्षभराची कैद. इतकंच काय, विनातारण देण्याच्या मानानं रुपयामागे आठ आण्यांचीही मिळकत उरली नसेल, तर त्याला आपला दोष नव्हता हे दाखवल्याशिवाय नादाराला पूर्ण मुक्ती मिळत नाही. पळवाटीला इतके पहारेकरी कुणी ठेवतं का?

व्याजदराचा मुद्दा मंजुरीच्या टेबलावरच संपला. न मोजलेल्या डब्यांवर व्याज ठरत नाही. उलटं मात्र घडू शकलं असतं: प्रत्येक छापील करारात ‘मी ही सवलत सोडतो’ अशी ओळ घालून सही घेतली गेली असती. कलम ६० मधल्या १९७६ च्या दुरुस्तीनं ती वाट बंद केली. असा करार रद्दबातल ठरतो.

राहिली धास्ती. सर्वस्व जाण्याच्या भीतीनं माणसं सुधारतात, हा प्रयोग आपल्याच मातीत होऊन गेला आहे. १२ मे १८७५, सुपे, भीमथडी तालुका. सावकाराच्या हुकूमनाम्यांनी जमिनी जात होत्या, ऋणको दिवाणी तुरुंगात जाऊ शकत होता. धास्ती भरपूर होती. शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठून खतं नि दस्तऐवज जाळले, आणि हे लोण पुणे-नगरच्या गावागावांत गेलं. त्यावर आयोग बसला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला: पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद नाही, आणि खास गहाण दिली नसेल तर त्याची जमीन विकायची नाही. हा कायदा करणारं सरकार दयाळू म्हणून प्रसिद्ध नव्हतं. मुद्दलाहून जास्त व्याज एका वेळी वसूल करायचं नाही, हा दामदुपटीचा नियम तर इंग्रजांच्या कितीतरी आधीचा. धनकोलाही सीमा असते, हे आम्हाला विलायतेहून शिकावं लागलेलं नाही.

एका बाबतीत मात्र विरोधकांशी माझं जमतं: यादी खरंच सदोष आहे. दोष ते सांगतात त्याच्या नेमक्या उलट दिशेला आहे. २०१९ च्या नियमांत राहत्या घराची मर्यादा शहरात २० लाख, ग्रामीण भागात १० लाख. मुंबईत २० लाखांचं घर ज्यानं पाहिलं असेल त्यानं पत्ता कळवावा. आणि हे नियमही १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहेत. गिरगावातल्या शिंप्यानं नादारीचा अर्ज केला, तर त्याच्यासाठी १९०९ चा इलाखा-शहरांचा नादारी कायदा आहे. कलम ५२ तिथेही हत्यारं, कपडे, अंथरूण, भांडी, फर्निचर राखू देतं. त्याचं, बायकोचं आणि मुलांचं सगळं मिळून, १९०९ साली लिहिलेल्या मर्यादेत: ३०० रुपये.

वाचकहो, निवाडा तुमचा. या तीनशेत शिंप्याचं मशीन बसतं का, तेवढं बघून सांगा.