लावते, खात नाही

दवाखान्यात केसपेपर भरताना विचारतात, "तंबाखू खाता का?" समोरची मावशी सरळ म्हणते, "नाही." ती खोटं बोलत नसते. ती तंबाखू खात नाही, मशेरी लावते. कुंकू लावतात, तेल लावतात, मलम लावतात, तशीच मराठीत मशेरी 'लावतात'. या एका क्रियापदात मशेरीचा सगळा इतिहास आहे. व्यसन म्हणून नव्हे, तर दात राखण्याचा उपाय म्हणून ती तोंडात आली आणि त्यामुळेच ती बाहेर काढणं इतकं अवघड गेलं.

मशेरी करायला कारखाना लागत नाही. तंबाखूची पानं किंवा चुरा तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, डबीत भरायचा. सकाळी बोटावर घेऊन दातांवर, हिरड्यांवर घासायचा आणि थोडा वेळ तोंडात राहू द्यायचा.

दात घासण्याची आपली रीत तंबाखूपेक्षा कितीतरी जुनी. चरक-सुश्रुतांच्या संहितांमध्ये दंतधावनाचे नियम आहेत: काडी कोणत्या झाडाची घ्यावी, टोक कसं चावून मऊ करावं. गावोगावी कडुनिंबाची, बाभळीची काडी होती, मीठ होतं, गोवरीच्या राखेची राखुंडी होती. बायकांचं दातवणही होतं. त्याने दात काळे होत आणि तो शृंगाराचा भाग मानला जाई. म्हणजे काळी पूड बोटाने दातांना लावणं ही सवय आधीपासूनच होती. तंबाखूला जागा आयती मिळाली.

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आणली आणि तिथून ती दख्खनेत पसरली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबराचा दरबारी असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने सोबत तंबाखू आणि रत्नजडित नळी नेली. उत्तरेच्या दरबाराला ती अपूर्वाई होती, विजापुरात मात्र ती सहज मिळत होती. दरबारातल्या हकिमाने आक्षेप घेतला, कारण त्याच्या ग्रंथांत या पानाचा उल्लेखच नव्हता. पुढे १६१७ मध्ये जहांगीरने बंदीही घातली, पण ती काही टिकली नाही.

ग्रंथांत नसलेली ही वनस्पती लोकांनी स्वतःच औषधांत बसवली. त्यामागे अनुभव होता. निकोटिनमुळे दुखरी दाढ थोडा वेळ बधिर झाल्यासारखी वाटते. गावात दाताचा डॉक्टर नाही, शहरात जायला पैसा नाही, दाढ ठणकते आहे आणि भाकरी तर थापायचीच आहे. अशा वेळी शेजारीण म्हणते, "मशेरी लावून बघ." ठणका कमी होतो, कीड मात्र तिथेच राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा मशेरी. काही आठवड्यांत दाढेपेक्षा निकोटिनचीच आठवण जास्त येऊ लागते. सकाळची एक वेळ दिवसातल्या चार वेळा होते. भाजल्याने तंबाखूतलं विष जळून जातं हा समजही खोटा आहे. कर्करोगाला कारण ठरणारी नायट्रोसामाइन्स भाजलेल्या मशेरीतही सापडली आहेत.

दंतवैद्यक इथे उशिरा आलं. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात सुरू केलं. दंतवैद्यांची नोंदणी आणि शिक्षण यांचा देशव्यापी कायदा झाला १९४८ मध्ये. तोवर बहुतेक गावांत दाताचं दुखणं काडी, लवंग आणि मशेरी यांवरच निभावून न्यावं लागत होतं. दवाखाने वाढले तेही आधी शहरांतच.

मशेरी नेमकं काय करते हे कळायला कुणीतरी घरोघरी जाऊन तोंडं तपासायला हवी होती. हे काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने केलं. अणू आणि गणितासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत दातांचाही विभाग होता हे आज फारसं कुणाला माहीत नसतं. डॉ. फली मेहता, डॅनिश तज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. एक लाखावर माणसांच्या गालांची आतली बाजू, जीभ, टाळू, हिरड्या पाहिल्या गेल्या आणि कोण तंबाखू कशी घेतं हेही विचारलं गेलं. तेव्हा मशेरी हा मुख्यतः बायकांचा प्रकार असल्याचं समोर आलं. फक्त विडी-सिगारेटचा हिशेब मांडला असता, तर या बायका 'व्यसन नाही' याच रकान्यात गेल्या असत्या.

नुकसान तोंडापुरतंही नव्हतं. मुंबईत १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. न ओढता तंबाखू घेणाऱ्या या बायकांत मशेरी लावणाऱ्याच जास्त होत्या. त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि वेळेआधी जन्मण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. दातासाठी लावलेली पूड पोटातल्या बाळापर्यंत पोचत होती.

दरम्यान तंबाखूची दंतमंजनं आणि पेस्टही बाजारात आल्या होत्या. १९९२ मध्ये केंद्र सरकारने औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याखाली अशा मंजनांवर आणि पेस्टवर बंदी घातली. एक उत्पादक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण १९९७ मध्ये न्यायालयाने सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने कौल देत बंदी कायम ठेवली. दात साफ करण्याच्या नावाखाली तंबाखू विकता येणार नाही, हे कायद्याने स्पष्ट केलं.

निर्णय चांगला होता, पण त्याच्या हाती लागला फक्त दुकानातला डबा. घरातला तवा त्याच्या आवाक्याबाहेर होता. तंबाखू विकणं कायदेशीरच राहिलं. ती आणून कुणी चुलीवर भाजली तर कोणता निरीक्षक अडवणार? २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी आणली. तिच्यावर खूप चर्चा झाली. मशेरीवर फारशी झाली नाही, कारण तिची ना जाहिरात, ना ब्रँड, ना टपरीसमोर गर्दी. ती मोरीत, परसात, एकटीने लावायची गोष्ट आहे.

मग उपाय कुठे चालला? टाटा संस्थेच्या त्याच विभागाने केरळातला एर्नाकुलम, गुजरातमधला भावनगर आणि आंध्रातला श्रीकाकुलम या जिल्ह्यांत तंबाखू घेणाऱ्या सुमारे ३६,००० जणांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. लोकांची तोंडं तपासली, समोर बसून बोलले, पुन्हा पुन्हा गेले. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अहवालानुसार, ज्यांच्यापर्यंत हे सगळं पोचलं त्यांच्यात तंबाखू सोडणारे जास्त निघाले आणि पुढे कर्करोगात बदलू शकणारे पांढरे चट्टेही कमी झाले. यात यंत्र लागलं नाही. लागलं ते दारात जाणारं आणि परत येणारं माणूस.

प्रश्नही सुधारले. प्रौढांच्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात आता मशेरी, बिहारकडचा गुल, छत्तीसगडचा गुडाखू यांची नावं घेऊन विचारतात. प्रत्येक मुलखात दाताला लावायची तंबाखू आहे आणि प्रत्येकीला स्थानिक नाव आहे. ते नाव घेतलं की उत्तरही खरं मिळतं.

आज हे काम आशाताई, अंगणवाडीताई करू शकतात, आणि घरातली नातही करू शकते. आजीला "तंबाखू सोड" म्हणालात तर ती म्हणेल, "मी कुठे खाते?" त्याऐवजी विचारा, "आजी, मशेरी दिवसातून किती वेळा लावतेस? कोणती दाढ दुखते?" दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. त्या दाढेवर उपचार झाला नाही, तर मशेरीचं कारण शिल्लकच राहतं. सरकारी दवाखान्यात किंवा दंत महाविद्यालयात हे उपचार कमी खर्चात होतात. फ्लोराइडची साधी पेस्ट आणि मऊ ब्रश आणून द्या. सकाळी हात रिकामा राहिला तर तो पुन्हा डबीकडेच जाणार.

आणि दिवसाच्या उजेडात तिला तोंड उघडायला सांगा. पुसला न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, किंवा तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीला हे बहुतेकदा दुखत नाही. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे. आजी स्वतः फोन लावणार नाही, तेव्हा तो तुमच्या मोबाइलवरून लावून तिच्या हातात द्या.