हिमयुगोत्तर समुद्रपातळी वाढ

अखेरचे हिमयुग ओसरू लागल्यापासून महासागरांच्या पातळीत झालेल्या सुमारे १२० मीटर वाढीस हिमयुगोत्तर समुद्रपातळी वाढ म्हणतात. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी हिमावरणाचा विस्तार सर्वाधिक होता. त्यानंतरच्या वाढीचा वेग सर्व काळात एकसारखा नव्हता, तसेच तिचा परिणाम सर्व किनाऱ्यांवर सारखा झाला नाही.

कारणे

हिमयुगात समुद्राचे बाष्पीभवन झालेले पाणी हिमरूपाने जमिनीवर साठत गेले. उत्तर अमेरिका व उत्तर युरोपात काही किलोमीटर जाडीचे हिमस्तर तयार झाले. हवामान उष्ण होऊ लागल्यावर हे पाणी समुद्रात परतले.

वाढीचे टप्पे

सुमारे १४,५०० वर्षांपूर्वी पाच शतकांहून कमी काळात पातळी दहा मीटरांहून अधिक वाढली. सध्या हा वेग वर्षाला सुमारे ३ ते ४ मिलिमीटर आहे. सुमारे ७,००० वर्षांपूर्वी बहुतेक हिमस्तर वितळून वाढ मंदावली.

पुरावे

काही प्रवाळ केवळ उथळ पाण्यातच वाढतात. त्यामुळे खोल पाण्यात सापडलेल्या त्यांच्या अवशेषांचे वय काढल्यास त्या काळची पातळी ठरवता येते. बार्बाडोस बेटाजवळील अशा प्रवाळांवरून रिचर्ड फेअरबँक्स यांनी १९८९ मध्ये या वाढीचा कालक्रम मांडला.

बुडालेले प्रदेश

ब्रिटन व युरोपची मुख्य भूमी यांना जोडणारा डॉगरलँड हा प्रदेश उत्तर समुद्राखाली गेला. तेथे मानवी वस्ती होती. १९३१ मध्ये एका मासेमारी जहाजाच्या जाळ्यात समुद्रतळावरील पीटचा गोळा आला व त्यात सांबरशिंगाचे काटेरी भाल्याचे टोक सापडले. हिमयुगात भारत व श्रीलंकाही जमिनीने जोडलेले होते. मुंबई हाय तेलक्षेत्राजवळ आज समुद्राची खोली सुमारे ७५ मीटर आहे. हिमावरणाच्या कमाल विस्ताराच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतची ही समुद्रबूड जमीन उघडी होती.

स्थानिक फरक

हिमस्तरांच्या भाराने खचलेले भूकवच भार हटल्यावर हळूहळू वर येते. त्यामुळे स्वीडन व फिनलंडमधील बोथनियाच्या आखाताच्या किनाऱ्यावर जमीन अजूनही वर्षाला सुमारे ८ ते ९ मिलिमीटर उचलली जात असून तेथे समुद्र मागे हटत आहे.