चार तास पाच मिनिटं : निर्णय कोणी घ्यायचा?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. फेब्रुवारीच्या फ्युचर्स-ऑप्शन्सची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. त्यामुळे बाजारात सौद्यांची गर्दी होती.

सकाळी ९.१५
मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी) राष्ट्रीय शेअर बाजाराचे, म्हणजे एनएसईचे, व्यवहार सुरू झाले. मुख्य सर्व्हर इथेच. इथला डेटा कुर्ल्याच्या केंद्रातही सतत उतरत असतो. मुंबईतलं सगळंच बंद पडलं तर कारभार उचलायला चेन्नईत आणखी एक केंद्र आहे. लाइनही दोन टेलिकॉम कंपन्यांच्या. कागदावर तयारी चोख होती.

१० वाजून गेल्यावर
पडद्यावर एनएसईच्या निर्देशांकाचा, निफ्टीचा, आकडा हलेनासा झाला. बीकेसी ते कुर्ला रस्त्यालगत खोदकाम आणि बांधकाम चालू होतं, त्यात दोन्ही कंपन्यांच्या लाइन डळमळल्या. अशा वेळी मुख्य स्टोरेजने एकट्याने काम चालू ठेवायला हवं. झालं उलटंच. सर्व्हरना ते स्टोरेजच मिळेना. सौदे जुळवणारी यंत्रणा शाबूत होती, पण सौद्यामागे पुरेसं मार्जिन आहे की नाही हे पाहणारी जोखीम-नियंत्रण प्रणाली बसली.

११.४०
एनएसईवरच्या सगळ्या विभागांतले व्यवहार बंद. जोखीम तपासल्याशिवाय सौदे चालू देणं धोक्याचं होतं, त्यामुळे थांबणं योग्यच. पण चेन्नईचं केंद्र अशाच दिवसासाठी उभारलेलं होतं, आणि व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत.

दुपारी १२ ते ३
मुंबईतला दुसरा शेअर बाजार, बीएसई, चालू; एनएसई बंद. हिंगोलीत किंवा वसमतला मोबाईलवर सौदा करणाऱ्या माणसाला बिघाड बाजारात आहे की आपल्या अ‍ॅपमध्ये, हे कसं कळणार? तो चिडतो तो अ‍ॅपवर. ब्रोकर कंपन्यांच्या, त्यातल्या नव्या स्टार्टअपच्याही, टीमपुढे एकच प्रश्न होता : बाजार आज उघडणार की नाही? कोड त्यांचा ठीक होता, पण उत्तर त्यांच्या हातात नव्हतं.

३ नंतर
इंट्राडे सौदे त्याच दिवशी मिटवावे लागतात. बाजार उघडलाच नाही तर ग्राहकाचा सौदा पुरेशा पैशांविना रात्रभर लटकणार. म्हणून अनेक ब्रोकरनी बीएसईवर उलटे सौदे करून ते मिटवायला घेतले. त्यानंतर एनएसईची घोषणा आली : ३.४५ ते ५ व्यवहार होतील.

३.४५ ते ५
बाजार उघडला आणि उसळला. निफ्टी २७४ अंकांनी वर, १४,९८२ वर बंद झाला. बीएसईचा सेन्सेक्स १,०३० अंकांनी वाढला. ज्यांचे खरेदीचे सौदे आधीच मिटवले गेले होते, त्यांना ही तेजी नुसती बघावी लागली.

त्यानंतर
बाजार नियामक सेबीने एनएसईकडे सविस्तर कारणमीमांसा मागितली आणि व्यवहार पर्यायी केंद्रावर का हलवले नाहीत, याचाही खुलासा विचारला. २२ मार्च २०२१ रोजी नियम कडक झाले : महत्त्वाची प्रणाली कोलमडली की ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची, आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम पूर्ववत करायचं. २०२३ मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने ७२ कोटींहून अधिक रुपये भरून या बिघाडाचं सेबीकडचं प्रकरण मिटवलं. २ मार्च २०२४ च्या शनिवारी खास सत्र भरवून चालू व्यवहार मुख्य केंद्रावरून पर्यायी केंद्रावर हलवून पाहिले गेले.

सेबीच्या नियमातली ती ३० मिनिटं मला सगळ्यांत महत्त्वाची वाटतात. यंत्र किती बळकट आहे, हे त्यातून ठरत नाही. माणसाने किती वेळात निर्णय घ्यायचा, हे ठरतं. मराठवाड्यातून पुण्यात जाऊन, किंवा घरी बसूनच, पाच-सात जणांची टीम सांभाळणाऱ्या प्रत्येक टेक लीडला हेच सांगणं आहे. बॅकअप आहे ना, एवढं विचारून थांबू नका. सर्व्हर बसला तर किती मिनिटांनी पर्यायाकडे जायचं, ते कोणी ठरवायचं, आणि तो माणूस रजेवर असेल तर कोणी, हे आजच लिहून भिंतीवर लावा. आणि महिन्यातून एकदा खरोखर पर्यायाकडे जाऊन पाहा.