मोटारशर्यत छायाचित्र व्यवसाय

मोटारगाड्या व मोटारसायकलींच्या शर्यतींची छायाचित्रे टिपून त्यांच्या मुद्रित प्रती व वापरहक्क विकण्याचा व्यवसाय. प्रत घेणाऱ्याला ती भिंतीवर लावता येते. पुस्तकात वा जाहिरातीत वापरायची तर वेगळा परवाना लागतो. त्याचा दर माध्यम, मुदत, प्रदेश व एकाधिकार यांवर ठरतो. वार्तांकनासाठी मिळालेली प्रवेशिका जाहिरातीच्या कामाला सहसा चालत नाही. त्यासाठी संयोजक, संघ व चालक यांची संमती घ्यावी लागते.

या व्यवसायाचे खरे धन म्हणजे जुना संग्रह. छायाचित्रकार लुई क्लेमंटास्की (१९१२–२००१) यांचे काम त्याचा उत्तम दाखला होय. इटलीतील मिल्ले मिल्या या रस्त्यावरील शर्यतीत ते चालकाशेजारी बसून छायाचित्रे घेत. १९५७ मध्ये ते चालक पीटर कॉलिन्स यांच्या फेरारीत होते. त्याच वर्षीच्या भीषण अपघातानंतर मूळ स्वरूपातील ती शर्यत बंद झाली, त्यामुळे अशी छायाचित्रे पुन्हा मिळणे नाही. क्लेमंटास्की यांच्या नावाच्या संग्रहातून प्रती व वापरहक्कांची विक्री मृत्यूनंतरही चालू राहिली.

वापरहक्कांच्या अशा विक्रीचा आधार प्रताधिकार होय. भारतात प्रताधिकार कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा प्रताधिकार छायाचित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मात्र मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काम देणाराच ठरतो.