गाडी लोंढ्याला थांबत नाही

दुपारी अडीचच्या आत बेंगळुरूहून सुटणारी बेळगावची वंदे भारत रात्री लोंढा आणि खानापूर ओलांडते. दोन्हीकडे थांबत नाही. आजचा विषय हाच आहे: लांबच्या गाडीनं वाटेत किती ठिकाणी थांबावं?

या मार्गाचा जन्म पाहा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात माणसं अन्नावाचून मेली. त्यानंतर, १८८२ मध्ये, सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. धान्य आतल्या मुलखात पोचावं, हा या लोहमार्गांचा एक मुख्य हेतू होता. म्हणजे थांबे ही इथे अडचण नव्हती, थांब्यांसाठीच रूळ टाकले होते. शिवाय वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, आणि एकेरी मार्गावर समोरची गाडी येईपर्यंत उभं राहावंच लागायचं. गोव्याचा फाटा लोंढ्यालाच फुटतो, त्यामुळे त्या गावाचं सगळं अस्तित्वच रेल्वेवर उभं राहिलं.

डिझेल आणि वीज आल्यावर पाण्याची गरज संपली आणि ‘कमी थांबे म्हणजे चांगली गाडी’ हे समीकरण पक्कं झालं. त्याचं टोक म्हणजे २००९ च्या दुरांतो गाड्या. सुटली की थेट शेवटच्या स्टेशनला! बेंगळुरूच्या यशवंतपूरलाही त्या आल्या. पण ड्रायव्हर-गार्ड बदलावे लागतात, डब्यांत पाणी भरावं लागतं. म्हणून गाडी मोठ्या जंक्शनांवर उभी राहायचीच, फक्त तिथलं तिकीट मिळायचं नाही. फलाटावरच्या माणसानं उभ्या गाडीकडे नुसतं बघायचं. २०१६ पासून त्या थांब्यांची तिकिटं विकायला सुरुवात झाली. उशिरा का होईना, शहाणपण आलं.

आता आपल्या मार्गावर या. २७ जून २०२३ ला बेंगळुरू-धारवाड वंदे भारत सुरू झाली, तेव्हा मधे यशवंतपूर, दावणगेरे आणि हुबळी एवढेच थांबे होते. पुढच्या वर्षी तुमकुरू मिळालं. तिथले खासदार व्ही. सोमण्णा तेव्हा रेल्वे राज्यमंत्री होते, हे ओघानं सांगतो. १० ऑगस्ट २०२५ ला बेळगावची गाडी आली. तिला यशवंतपूर, तुमकुरू, दावणगेरे, हावेरी, हुबळी, धारवाड असे सहा थांबे आहेत.

थांबा दोन मिनिटांचा असला तरी वेग कमी करत यायचं, उभं राहायचं, पुन्हा वेग घ्यायचा, यात जास्त वेळ जातो. वंदे भारतला वेगळं इंजिन नसतं, मोटारी डब्यांखाली वाटलेल्या असतात, त्यामुळे ती चटकन वेग घेते. एका थांब्याला पाच मिनिटं धरू. सहा थांब्यांची तीस मिनिटं. ६११ किलोमीटरला गाडी साडेआठ तास घेते, म्हणजे ताशी सरासरी ७२. सगळे थांबे काढून टाकले तरी ७६ होईल! राहिलेले आठ तास वळणं, वेगमर्यादा आणि गाड्यांची गर्दी खातात. आपण भांडतो मात्र थांब्यांवरून.

मग थांबा सगळ्यांनाच द्यावा का? नाही. खानापूरला दिला की अळणावर मागेल, मग राणेबेन्नूर, बिरूर, अरसिकेरे. माझा हिशेब साधा आहे. पाचशे माणसांची पाच मिनिटं म्हणजे सुमारे बेचाळीस तास. थांब्यामुळे चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाचा एक तास वाचत असेल, तर बेचाळीस प्रवासी हवेत. खानापूरला रोज तेवढे मिळतील का, मला शंका आहे. पण धारवाडपर्यंत निम्मी गाडी उतरली असं धरलं, तर एकवीस पुरतात. मार्गाच्या टोकाजवळचा थांबा बेंगळुरूजवळच्या थांब्यापेक्षा स्वस्त पडतो, ही गोष्ट चर्चेत फारशी येत नाही.

तोवर खानापूरकरानं काय करायचं? पहाटे उठायचं, पंचवीसेक किलोमीटर उलट्या दिशेनं बेळगावला जायचं, सव्वापाचच्या सुमाराला सुटणारी गाडी पकडायची, आणि थोड्या वेळानं खिडकीतून आपलंच स्टेशन मागे जाताना पाहायचं.