खातेशिल्लक

खातेशिल्लक : बँकेतील खात्यात जमा झालेल्या रकमांतून खर्च वजा जाता उरणारी रक्कम. नासिक रोड येथे १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जाऊ लागल्या. रोख व्यवहारात शिल्लक हाताने मोजता येई; बचत खात्यात ती खातेपुस्तकावरून कळे. १९८७ मध्ये मुंबईत देशातील पहिले स्वयंचलित रोकडयंत्र बसविण्यात आले. २०१२ मध्ये रूपे कार्ड प्रचारात आले. कार्डाने दिलेली रक्कम हातातून जाताना दिसत नाही. त्यामुळे नोंदी वेळोवेळी ताडून पाहण्याचे महत्त्व वाढले. बँक व खातेदार या दोघांचाही दोष नसलेला अनधिकृत व्यवहार, त्याची सूचना मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत कळविणाऱ्या खातेदारावर नुकसानीचा भार पडू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये ठरविले. गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगितल्यास मात्र बँकेस कळवीपर्यंतची हानी खातेदाराचीच मानली गेली.