वाळूत ताकद नाही, हवा बघा

किनाऱ्यावर फोर बाय फोर रुतली की आपण काय करतो? ॲक्सिलरेटर दाबतो. चाकं जागेवरच फिरतात, गाडी आणखी खाली जाते आणि तिकडे भरती चढत असते!

ब्रिटिश अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड १९२०-३०च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात गाड्या चालवायचे. त्यांची युक्ती साधी: टायरमधली हवा कमी करा, रुतलात तर चाकांखाली लोखंडी पट्ट्या घाला. टायर पसरला की वजन जास्त जागेवर विभागलं जातं.

१९४२मध्ये अमेरिकेत पाण्यातून थेट किनाऱ्यावर चढणारा ‘डक’ ट्रक आला. सहाही चाकांना ताकद, तरी पुढे त्यात ड्रायव्हरला बसल्या जागी हवा कमी-जास्त करायची सोय द्यावीच लागली. १९४४मध्ये नॉर्मंडीच्या वाळूवर याच ट्रकांनी जहाजांवरचा माल आणला.

म्हणून आधी हवा सोडा, मग गिअर टाका.